पट्टी बदलणेबाबत

थोर कला त्यागातून जन्माला येते. हे वाक्य ज्याने प्रथम उच्चारलं, त्याच्या घरचा दिवाणखाना बहुधा मोठा असावा. पिपाणीच्या घरचा बारा बाय दहाचा होता आणि त्यात एक सोफा होता. म्हणून थोर कलेसाठी पहिला त्याग सोफ्याचा झाला. रोज सकाळी सहाला तो उचलायचा, स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळात नेऊन भिंतीला टेकवून उभा करायचा आणि आठ वाजता नाचाचा सराव संपला की परत आणून आडवा करायचा, हे काम बाबांच्या वाट्याला आलं. दुसरा त्याग गार पाण्याचा. पिपाणीच्या घशाला गारठा सोसत नाही म्हणून सगळ्या घराने कोमट पाणी प्यायचं ठरलं. "घसा एकीचा, मग कोमट तिघांनी का?" असं बाबांनी एकदा विचारलं. परत विचारलं नाही. तिसरा त्याग अब्रूचा. पिपाणी रोज संध्याकाळी न्हाणीघरात उभी राहून "नका हो मला असं कोंडून ठेवू!" हे स्वगत घुमवून म्हणायची, आणि खालच्या मजल्यावरच्या वकीलबाईंनी जिन्यात बाबांशी बोलणं बंद केलं होतं.

पिपाणी हे काही तिचं कागदोपत्री नाव नव्हे. जन्मल्या जन्मल्या तिने जो सूर लावला, तो ऐकून प्रसूतिगृहातल्या दाईनेच ते तिला बहाल केलं. आता ती एकोणीस वर्षांची होती आणि तिला कॉलेजच्या संगीत नाट्य विभागात प्रवेश हवा होता. तिथे तीन वर्षं गात, नाचत, बोलत नाटक करायला शिकवतात. जागा वीस आणि अर्ज तीनशे अकरा. निवडचाचणीला एका उमेदवाराला दोनदाच बसता यायचं, आणि त्यातली एक खेप पिपाणीने मागच्या वर्षी वाया घालवली होती. नाच उत्तम झाला, स्वगत चांगलं झालं आणि गाण्याच्या ऐन वरच्या सुरावर आवाज फाटला.

"किती फाटला?" आईने तेव्हा विचारलं होतं.

"एक परीक्षक वळून खिडकीकडे बघायला लागले."

"का?"

"त्यांना वाटलं, बाहेर काहीतरी झालं."

बाबा पाणीपुरवठा खात्यात आवक-जावक विभागाचे मुख्य लिपिक होते. त्यांचा कलेला विरोध नव्हता, कलेच्या कागदपत्रांवर त्यांचा भरवसा नव्हता. त्यामुळे यंदा त्यांनी लेकीशी लेखी करार केला होता. निवड झाली तर प्रश्नच नाही. नाही झाली, तर तिने निमूटपणे 'गुदाम व्यवस्थापन' या पदविकेला नाव घालायचं. त्या पदविकेचा अर्ज भरून, फोटो डकवून बाबांच्या टेबलाच्या वरच्या खणात तयार होता. फोटोतली पिपाणी आताच एखाद्या गुदामात उभी असल्यासारखी दिसत होती.

निवडचाचणी तीन आठवडे चालायची. पिपाणीची पाळी शेवटच्या दिवशी, मंगळवारी होती. त्याच्या नऊ दिवस आधी, रविवारी, गाण्याच्या बाईंनी पिपाणीचं गाणं दोनदा ऐकलं आणि पियानोवरचे हात काढून मांडीवर ठेवले. बाईंनी हात मांडीवर ठेवले, की शिष्य आपल्या चपला शोधायला लागायचे.

"वरचा सूर लागतोय का तुला?"

"लागतोय की, बाई."

"तुला नाही लागत. मला लागतोय, इथे," बाई कपाळ चोळत म्हणाल्या. "पट्टी उतरव. काळी चार तुला झेपायची नाही. काळी तीनला गा. वरचा सूर आपोआप हाताशी येईल."

पिपाणीने काळी तीनला गाऊन पाहिलं. सूर हाताशी आला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच दुसऱ्या कारणाने आणखी पाणी आलं.

"पण बाई, अर्जात काळी चार लिहून दिलीय! आणि वादक कॉलेजचाच असतो."

अर्जाच्या मागच्या बाजूला, कलम चौदा: उमेदवाराने सोबत वादक आणू नये. अर्जातील 'पट्टी' या रकान्यात जे लिहिले असेल त्यानुसार साथ केली जाईल. बदल करावयाचा असल्यास पालकाने चाचणीच्या सात दिवस आधी लेखी कळवावे.

घरी आल्यावर पिपाणीने हे रडत रडत सांगितलं, तेव्हा बाबांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. गेले दोन महिने या घरात त्यांना सोफा उचलण्यापलीकडे स्थान नव्हतं. आता कलेला अर्जाची गरज पडली होती.

"लेखी ना? मग तू कशाला रडतेस? ते माझ्यावर सोड. मला फक्त सांग, पट्टी म्हणजे नेमकं काय?"

पिपाणीने शेजारच्या लहान मुलीचा खेळण्यातला पियानो मागून आणला. "हे बघा. काळ्या पट्ट्या. आधी दोन जवळजवळ, मग तीन जवळजवळ. दोनांपासून मोजायचं. एक, दोन, तीन, चार. आपली इथून होती, आता इथून."

"म्हणजे चौथीची तिसरी."

"हो."

"एवढंच? एका परिच्छेदाचं काम आहे."

बाबांनी तीन कच्चे मसुदे केले. पहिल्यात 'गाणे' हा शब्द दोनदा होता. दुसऱ्यात एकदा होता. तिसऱ्यात तो नव्हता, कारण पत्राचा विषय एका ओळीत मावला पाहिजे आणि जे विषयात नाही ते मजकुरात येता कामा नये, हे तत्त्व त्यांनी सत्तावीस वर्षं पाळलं होतं.

'विषय: पट्टी बदलणेबाबत. संदर्भ: अर्ज क्रमांक दोनशे सात. महोदय, माझ्या मुलीची पट्टी काळी चार होती. तज्ज्ञांच्या सल्ल्यानुसार ती तातडीने उतरविणे आवश्यक असून आता काळी तीन करण्यात आली आहे. न उतरविल्यास ऐन वेळी फाटण्याचा धोका संभवतो. गतवर्षी असा प्रकार घडलेला आहे. तरी योग्य ती नोंद व्हावी, ही विनंती.'

सोमवारी रजा टाकून बाबा स्वतः कॉलेजात गेले. कार्यालयाच्या खिडकीवर पाटी होती: 'क्रीडा व कला (एकत्र)'. कला विभागाचे लिपिक चार महिन्यांपूर्वी निवृत्त झाले होते आणि त्यांचा कार्यभार क्रीडा विभागाच्या बाईंकडे आला होता. या बाईंनी एकोणीस वर्षं फक्त खेळाडूंचे अर्ज वाचले होते. पट्टी हा शब्द त्यांच्यापुढे रोज यायचा आणि प्रत्येक वेळी तो कुणाच्या तरी गुडघ्यावर, घोट्यावर नाहीतर मनगटावर असायचा.

बाईंनी अर्ज वाचला. चष्मा काढला. परत घातला.

"काळी?" त्यांनी हळूच विचारलं.

"काळी," बाबा म्हणाले.

"चार?"

"चार होत्या. आता तीन. बाईंनीच सांगितलं, उतरवा म्हणून."

"बाई म्हणजे तज्ज्ञ?"

"तीस वर्षांचा अनुभव आहे. नुसतं ऐकून सांगतात."

"ऐकून! अहो, मग पोरगी ओरडत असेल किती."

"ओरडत म्हणजे, वर गेली की जरा ओरडतेच. तेच तर थांबवायचंय."

"आणि मागच्या वर्षी फाटलं होतं म्हणताय?"

"सगळ्यांसमोर," बाबा खाली बघत म्हणाले. "परीक्षकांना बघवेना. एकाने तोंड फिरवलं."

बाईंनी पदराने नाकाचा शेंडा टिपला. "आणि तरी ती यंदा नाचणार?"

"नाचणार म्हणजे काय! रोज सकाळी दोन तास नाचते. आम्ही सोफा हलवून देतो."

"तुम्हाला सूट हवी असेल तर नियमात आहे."

"नाही हो, आम्हाला सूटबीट काही नको," बाबा ताठ उभे राहून म्हणाले. "फक्त नोंद घ्या."

बाईंनी अर्जावर शिक्का मारला. आवक क्रमांक घातला. दुसऱ्या प्रतीवरही मारला. मग त्या आपल्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या आणि बाबा वळून दिसेनासे होईपर्यंत उभ्याच होत्या. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत बाबांनी इतकं सुसंस्कृत कार्यालय पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी उत्तर आलं. बाबांनी ते दारातच उघडलं आणि सवयीप्रमाणे शेवटचा मुद्दा आधी वाचला. "'आपल्या व उमेदवाराच्या जिद्दीबद्दल हे कार्यालय आदर व्यक्त करते.' बघ! याला म्हणतात मसुदा."

"वरचं वाचा," पिपाणी म्हणाली.

बाबांनी वरचं वाचलं. 'एक: आपल्या अर्जानुसार उमेदवाराची जखमी म्हणून नोंद घेण्यात आली आहे. दोन: जखमी उमेदवाराची नृत्यचाचणी खुर्चीत बसवून घेण्यात येईल.'



"बाबा," पिपाणी म्हणाली, "काय लिहिलंत तुम्ही?"

बाबांनी आपल्या पत्राची शिक्का मारलेली स्थळप्रत आणून दिली. पिपाणीने ती उभ्याउभ्या वाचली, बसून वाचली आणि मग तिने विचारलं, "यात 'गाणं' हा शब्द कुठाय?"

"संदर्भात आहे ना."

"संदर्भात 'अर्ज क्रमांक दोनशे सात' आहे."

"मग तो गाण्याचाच अर्ज नाही का?"

आई तेवढ्यात कामावरून आली. ती हाडांच्या वॉर्डात सिस्टर होती, बावीस वर्षं. तिने दोन्ही कागद वाचले आणि चपला न काढताच दाराच्या चौकटीला धरून हसायला लागली. "'न उतरविल्यास ऐन वेळी फाटण्याचा धोका'! अहो, असं आमच्याकडे कुणी लिहून आणलं ना, तर मी सरळ ऑपरेशनची तयारी करायला सांगेन."

"आई, हसू नकोस गं! खुर्चीत बसून नाचायचं म्हणजे नाचाचे मार्क गेले. आणि पट्टी तर बदललेलीच नाही. काळी चारच आहे. म्हणजे गाण्याचेही गेले. राहिलं काय? स्वगत!"

"ते मात्र पाठ आहे तुझं. वकीलबाईंचंसुद्धा झालंय."

पिपाणी न्हाणीघरात जाऊन बसली. या वेळी आतून स्वगत ऐकू आलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं. बाबांनी टेबलाचा वरचा खण थोडा उघडला, आत पाहिलं आणि बंद केला.

शनिवारी ते पुन्हा खिडकीवर हजर झाले. बाई त्यांना पाहताच उभ्या राहिल्या.

"कसं आहे आता मुलीचं?"

"बाई, मुलगी ठणठणीत आहे. पट्टी गाण्याची होती."

"म्हणजे?"

"पियानोवरची. सुराची. काळी चार म्हणजे पियानोची चौथी काळी पट्टी."

बाई सावकाश खाली बसल्या. बाबांकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, तीत आता आदर नव्हता. "मग तसं लिहायचं होतंत."

"विषय एका ओळीत..."

"विषय गेला खड्ड्यात! मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, मुलाला सांगितलं. आम्ही जेवलो नाही नीट."

"चुकलो. आता तेवढी नोंद रद्द करा आणि काळी तीन लिहा."

"रद्द?" बाईंनी नियमांची फाइल काढली. "जखमीची नोंद रद्द करायला तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र लागतं. ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांचं."

"पण उपचार झालेच नाहीत."

"मग ती बरी कशी झाली?"

प्रश्न बिनतोड होता. त्यांच्या खात्यातही तो असाच विचारला गेला असता.

"आणि दुसरं," बाई म्हणाल्या, "एका उमेदवाराला एकच दुरुस्ती. तुमची झाली."

"ती आम्ही मागितलेली नव्हती."

"मिळाली ना पण?"

"बाई, पोरीची शेवटची खेप आहे हो," बाबा म्हणाले. हे वाक्य कुठल्याही मसुद्यात नव्हतं.

बाईंचा आवाज जरा खाली आला. "हे पाहा, मला काय आनंद होतोय का? नोंद एकदा पडली की पडली. ती पुसता येत नाही. फार तर वर्ग करता येते, चुकून दुसऱ्याच्या नावावर पडली असेल तर. पण वर्ग करायला खरा जखमी लागतो. आहे का कुणी तुमच्याकडे?"

"नाही," बाबा म्हणाले.

"मग काय करणार!"

त्या दुपारी आईने वॉर्डातल्या डॉक्टरांना विचारून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, बरी झाली असं मी खुशाल लिहून देतो. पण आधी काय झालं होतं, तेही त्यावर लिहावं लागतं. काय लिहू?" आई घरी येऊन म्हणाली, "ते खोटं लिहिणार नाहीत आणि मी त्यांना सांगणारही नाही. आणि कुणी मला म्हणालं, पोरीच्या धडधाकट पायाला पट्टी गुंडाळून दे, तर तेही मी करणार नाही. आधीच सांगून ठेवते."

तसं कुणी म्हणालं नव्हतं. पण बाबांनी मान खाली घातली.

रविवारी पिपाणीने डोळे पुसले आणि खुर्चीत बसून नाचायचा सराव सुरू केला. तिने खुर्चीत बसून गिरकी घेतली, उडी मारली, एकदा खुर्चीसकट मारली. बघायला ते वाईट नव्हतं. फक्त पाहणाऱ्याला सारखं वाटत राहायचं, की हिला कुणीतरी सोडवलं पाहिजे. गाणं मात्र काळी चारलाच म्हणायचं होतं. ती वरच्या सुरापाशी आली की थबकायची, चोरट्यासारखी तिथून वळायची आणि खाली यायची. दिवसभरात तिने तो सूर एकदाही लावला नाही.

"लाव की," आई म्हणाली.

"मंगळवारी फाटायचाच आहे. आज कशाला?"

बाबा बोळात उभे राहून हे ऐकत होते. खुर्चीच्या नाचाला तशी जागा लागत नव्हती, तरी त्यांनी सोफा नेमाने उभा करून ठेवला होता.

सोमवारी सकाळी सातला बोळातून प्रचंड आवाज आला. त्यापाठोपाठ दुसरा आला तो बाबांचा, आणि गाण्याच्या बाई असत्या तर त्यांनी त्याला निदान काळी पाच म्हटलं असतं. आई आणि पिपाणी धावत गेल्या. सोफा आडवा पडला होता. त्याच्या एका टोकाखाली बाबांचं डावं पाऊल होतं.

आईने पाऊल सोडवलं, दाबून पाहिलं, हलवून पाहिलं. बाबांनी तिला त्यांच्या संसारात प्रथमच 'सिस्टर' म्हणून हाक मारली.

"अंगठा आणि शेजारचं बोट. चला, एक्स-रे काढू."

दुपारपर्यंत बाबांच्या पावलावर पांढरीस्वच्छ पट्टी बसली होती, अंगठ्यापासून घोट्यापर्यंत, आईच्या हातची. हाडाला बारीक चीर होती. डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं, कारण आता लिहायला काहीतरी होतं.

"अहो," रिक्षात आईने हळूच विचारलं, "दोन महिने तो सोफा तिथे उभा राहतोय. कधी हलला नाही. आज पडला कसा?"

"पडला."

"पडला, की पाडलात?"

बाबा बाहेर बघत होते. "ज्या गोष्टीला आवक क्रमांक नाही, तिच्यावर मी बोलत नाही," ते म्हणाले.

मंगळवारी सकाळी सव्वादहाला ते एका हातात काठी आणि दुसऱ्यात फाइल घेऊन खिडकीशी आले. मागे पिपाणी होती. तिचा नंबर अकराला होता. बाईंनी आधी बाबांचा चेहरा पाहिला, मग काठी, मग खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकून पाऊल.

"हे काय?"

"खरा जखमी," बाबा म्हणाले. "प्रमाणपत्र सोबत जोडलंय. एक्स-रेची प्रतही आहे. जखमीची नोंद चुकून मुलीच्या नावावर पडलेली आहे. ती पालकाच्या नावावर वर्ग व्हावी."

"पण अर्ज आठ दिवसांपूर्वीचा आणि जखम कालची!"

"जखमेच्या तारखेचा रकाना तुमच्या नमुन्यात नाही. मी पाहिलंय."

बाईंनी नमुना काढून पाहिला. नव्हता. त्यांच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. एका लिपिकाने दुसऱ्या लिपिकाला दिलेली ती दाद होती.

"बरं. नोंद केली वर्ग. आता मुलगी उभी राहून नाचेल. झालं?"

"अजून एक. नोंद वर्ग झाली म्हणजे मुलीच्या नावावरची दुरुस्ती वापरलीच गेली नाही. म्हणजे माझा मूळ अर्ज प्रलंबित आहे. तो मुदतीत आलेला आहे. हा तुमचाच शिक्का."

"बाबा, साडेदहा झाले," पिपाणी कुजबुजली.

"कागदाला घाई चालत नाही, गं."

बाईंनी शिक्का पाहिला, तारीख पाहिली, कलम चौदा पाहिलं. मग अर्ज क्रमांक दोनशे सात बाहेर काढला, 'पट्टी'च्या रकान्यातली 'काळी चार' लाल शाईने खोडली, वर 'काळी तीन' लिहिलं, शेजारी सही केली आणि सहीखाली तारीख घातली. "आणि हे गाण्याचंच आहे ना, एकदा तोंडाने सांगा मला."

"गाण्याचंच."

"जा पोरी. पळ. तुझ्या बापाने पाऊल मोडून घेतलंय, आवाज नीट लाव."

पिपाणीने चमकून बाबांकडे पाहिलं. बाबा काठी बघत होते.

अकरा वाजून पाच मिनिटांनी तिला आत बोलावलं. बाबा दाराबाहेरच्या बाकावर बसले आणि पाऊल दुसऱ्या बाकावर ठेवलं. आतून स्वगत ऐकू आलं. जिन्यात उभ्या असलेल्या एका आईने आपल्या मुलीला जवळ ओढलं. मग नाच. जमिनीवर दणादण पाय पडत होते, दोन्ही, आणि बाबांना प्रत्येक ठोका अंगठ्यात जाणवत होता. मग शांतता. कुणीतरी म्हणालं, "हं, करा सुरुवात." पिपाणीने सुरुवात केली, मागोमाग पियानो आला, आणि बाबांनी काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

ती जागा जवळ आली. बाबांना गाण्यातलं काही कळत नसलं, तरी ती जागा दोन महिने ऐकून पाठ होती. पिपाणी या वेळी थबकली नाही. सूर वर गेला, तिथे मोकळा उभा राहिला, त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि कुठलाही अपघात न होता तो खाली उतरला.

पाच मिनिटांनी ती बाहेर आली, घामाने भिजलेली. "बाबा, किती सोपं गेलं! काळी तीन म्हणजे काय चैन आहे हो! भीतीच वाटली नाही."

"वाटणारच नाही," बाबा म्हणाले. "लेखी होतं."

पाच वाजता फळ्यावर यादी लागली. वीस नावं होती. पिपाणीचं सतरावं होतं. तिने तिथेच अशी आरोळी ठोकली, की वरच्या मजल्यावरून एका परीक्षकाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. ती आईला फोन करायला धावली. खिडकीवरच्या बाई बाहेर येऊन बाबांना म्हणाल्या, "अभिनंदन. पाय उन्हात ठेवू नका." बाबांनी मनातल्या मनात टेबलाचा वरचा खण रिकामा केला. एक चांगला अर्ज वाया गेला, इतकंच त्यांना वाईट वाटलं.

घरी निघण्याआधी त्यांना एकाचे आभार मानायचे राहिले होते. पत्राचा शेवट आभाराने व्हावा, हेही त्यांचं तत्त्व होतं. ते लंगडत चाचणीच्या खोलीत गेले. परीक्षक निघून गेले होते. एक वयस्कर गृहस्थ पियानो पुसत होते.

"मी दोनशे सात नंबरचा पालक," बाबा म्हणाले. "आभार मानायला आलो. आमची दुरुस्ती ऐन वेळी आली, पण तुम्ही बरोबर सांभाळून घेतलीत."

"कसली दुरुस्ती?"

"पट्टीची. अर्जातल्या."

"अर्ज माझ्याकडे कधी येत नाहीत," पियानोवाले म्हणाले. "तो रकाना कुठल्या तरी जुन्या नमुन्यातून तसाच छापत आलेत. पोरं घाबरलेली असतात, लिहितात एक आणि लावतात भलतंच. मी म्हणतो, तुम्ही करा सुरुवात. जिथे लावतील तिथे मी वाजवतो. सोळा वर्षं असंच चाललंय."

बाबा काठीवर रेलले. "मग आमची मुलगी कुठे गायली?"

पियानोवाल्यांनी पुसता पुसता एक काळी पट्टी दाबली. "इथे. छान गायली."

बाबा पियानोजवळ गेले, वाकले आणि पिपाणीने शिकवलं होतं तसं दोनांच्या घोळक्यापासून बोट ठेवून मोजत आले.

ती चौथी होती.